दुकानात चालतं, घरी बंद पडतं

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत. एक धूळ आणि दुसरे किस्से! धुळीचं तरी बरं, ब्लोअर मारला की ती शेजारच्या टेलरकडं जाते, तो शिव्या देतो, विषय संपतो. किस्से मात्र इथंच साठत राहतात. लोहाऱ्यात दुकान टाकलं तेव्हा मला वाटलं होतं, आपलं काम मशीनशी, माणसांशी डोकेफोड नाही. कसलं काय! मशीन उघडायला दहा मिनिटं लागतात आणि मशीनचा मालक उघडायला अख्खी दुपार जाते.

हे वाक्य खरं म्हणजे माझं नाही, सलीमभाईचं आहे. सलीमभाई माझा पार्टनर. हात एकदम साफ, तोंड मात्र अजिबात गप्प बसत नाही. गिऱ्हाईक दारात दिसलं की मला म्हणतो, "मालक, मशीन बाद में खोलेंगे, पहिले आदमी खोलो!"

त्यात ग्राफिक कार्डवाल्यांची जात वेगळी. साध्या कॉम्प्युटरवाल्याचं काही बिघडलं तर तो चिडतो. ग्राफिक कार्डवाला रडकुंडीला येतो. कार्ड म्हणजे पडद्यावर फोटो, व्हिडिओ, डिझाइन भराभर काढून देणारी वस्तू. विटेएवढी मोठी, तिला स्वतःचे पंखे, करंट खाणार मरणाचा. आणि तिचं कशानं बिनसलं की ती एकटी बंद पडत नाही, अख्खा कॉम्प्युटर खटकन बंद करते. म्हणजे घरातल्या थोरल्या जावईबापूंसारखं. ते जेवायला उठले नाहीत की पंगत अडकली!

*

पहिला मान येरमाळ्याच्या फ्लेक्सवाल्याचा. यात्रा तोंडावर आलेली, सगळ्या पुढाऱ्यांना कमानीवर आपापले चेहरे पाहिजे होते, आणि याचं मशीन मोठी फाइल उघडली की बंद. त्याचा मेहुणा लोहाऱ्यात, त्यानं आमचं नाव सांगितलं. पठ्ठ्या सकाळच्या गाडीनं कॅबिनेट खांद्यावर घेऊन हजर.

सलीमभाईनं झाकण काढलं. आत बोट फिरवलं. बोट ओलं! कार्डाच्या स्क्रूला गंज, खाली तळाशी चक्क पाण्याचे थेंब.

सलीमभाई त्याच्याकडं बघून म्हणाला, "भाऊ, इतकं पाणी आहे तर मासे का नाही सोडले?"

"कूलर लावलाय ओ," तो अभिमानानं म्हणाला. "कार्ड गरम व्हायलं म्हणून थेट त्याच्या तोंडासमोर लावलाय. रोज दोन घागरी पाणी टाकतो. मी सोता उकाड्यात बसतो, पण त्येला गार वारा!"

इतकी सेवा तर कुणी सासऱ्याची करत नाही.

"आन पाण्यात वाळा पण टाकलाय," तो म्हणाला. "वास येतोय का न्हाय?"

येत होता. अख्ख्या दुकानात येत होता!

सगळं वाळवलं, पुसलं, गंजलेले स्क्रू बदलले, आणि कूलर लावायचा नाही म्हणून देवीची शपथ घ्यायला लावली. निघताना पायरीवर थांबला. बराच विचार करून म्हणाला, "मंग नुसता वाळा ठिवला तर चालंल का?"

*

दुसरे आमचे गुरुजी. मूळचे परंड्याचे, नोकरीला इकडं आमच्या तालुक्यात. मुलगी इंटिरियर डिझाइन शिकायला लागली म्हणून हौसेनं तिला कार्डवालं मशीन घेऊन दिलं. आठवड्यात फोन, "अहो, अर्धा तास झाला की बंद पडतंय. मुलगी माझ्यावर चिडलीय. तुम्ही घरी या."

मी गेलो. गुरुजींच्या घरात सगळं नवं. फ्रिज नवा, सोफा नवा, खुर्च्या नव्या. म्हणजे तशा जुन्याच, पण प्रत्येकावर कंपनीचं प्लॅस्टिक तसंच! सोफ्यावर बसलो तर बुडाखाली चरचर आवाज. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, पिशवीला रबर.

कॉम्प्युटरजवळ गेलो. कॅबिनेट गळ्यापर्यंत प्लॅस्टिकमध्ये. मागं हवा बाहेर पडायची जाळी, तिच्यावर तर दुहेरी प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी. आत उघडलं तर कार्डावरचं पातळ प्लॅस्टिकसुद्धा जसंच्या तसं.

"गुरुजी, हे काढायचं असतं."

"काढलं की वस्तू जुनी दिसायला लागते हो."

"पण त्याला श्वास घेता येत नाही. आत उकडतंय त्याला. म्हणून बंद पडतंय."

गुरुजींच्या चेहऱ्यावर मोठं दुःख पसरलं. मी एकेक तुकडा काढायला लागलो तसे ते प्रत्येक तुकडा हातात घेऊन घडी घालायला लागले. मुलगी मागं उभी राहून तोंडाला ओढणी लावून हसत होती. शेवटी मशीन सुरू झालं, तासभर चाललं, बंद पडलं नाही. गुरुजी म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही म्हणताय तर दिवसा काढून ठेवू, संध्याकाळी परत घालू!"

*

पण खरा घाम काढला तो सुवर्णानं.

सुवर्णा सास्तूरची सून. माहेर सोलापूर. लग्नाआधी तिथल्या एका स्टुडिओत व्हिडिओ मिक्सिंग करायची. म्हणजे लग्नाचं शूटिंग कुणीतरी करून आणणार, आणि त्यातलं नको ते कापणं, गाणी लावणं, नवरा-नवरीला ढगात फिरवून खाली आणणं हे सगळं हिचं काम. बाळंतपणात काम सुटलं. बाळ बसायला लागलं तसा तिनं सास्तूरला घरीच कॉम्प्युटर मांडला. उमरग्याचा एक स्टुडिओवाला, राजूभाऊ, तिला काम द्यायला लागला. काम वाढलं म्हणून तिनं नवं ग्राफिक कार्ड टाकून घेतलं, आणि तिथून भोग सुरू झाले.

ऐन लग्नसराईतली दुपार. दुकानासमोर मोटारसायकल थांबली. पुढं नवरा महेश, मागं सुवर्णा, आणि तिच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी. सलीमभाई दोन्ही हात पसरून धावला, "हळू भाभी, हळू! पहिले मुंडी सांभाळा!"

"बाळ घरी हाय अप्पांपाशी," सुवर्णा म्हणाली. "ह्ये आजारी हाय."

गोधडीत कॅबिनेट होतं.

"काय होतंय?" मी विचारलं.

"साधं काम करा, दिवसभर चालतंय. रेंडरला लावलं, की थोड्या वेळानं खटकन बंद!" रेंडर म्हणजे कापलेले सगळे तुकडे जोडून एकसंध व्हिडिओ बनवणं. तेव्हा कार्ड जीव तोडून राबतं आणि त्याचे पंखे भन्नाट फिरतात.

"लाइट जात असेल."

"न्हाय ओ! वर पंखा फिरत असतोय, बल्ब चालू असतोय. ह्येच तेवढं बंद. मंग जरा थांबलं की परत चालू व्हतंय."

सलीमभाईनं डोळे मिटून निदान केलं, "गरम होतंय. थंड झालं की उठतंय. दोन दिवस ठेवा."

"दोन दिवस?" सुवर्णाचा आवाज एकदम चढला. "भाऊ, फौजी पोराचं लग्न हाय ह्येच्यात. त्येची सुट्टी संपायलीय. राजूभाऊ म्हणालेत, रविवारी पेनड्राइव्ह हातात पडला न्हाय तर पुढची सगळी लग्नं लातूरला पाठवतो. आन माझं काम एकदा गेलं ना, तर घरात, गावात समदे म्हणायला मोकळे, आता ऱ्हाऊ दे की, कशाला करायचंय! मला ऱ्हाऊ द्यायचं न्हाय."

हे तिनं असं म्हटलं की महेश बिचारा उगाच मोटारसायकलची किल्ली बघत बसला.

*

आम्ही कार्ड काढलं, झाडलं, त्याला गार ठेवणारी पेस्ट बदलली आणि तिच्याच फौजीचं लग्न रेंडरला लावलं. मशीन घोंघावत राहिलं. एक तास, दोन तास. बंद पडेल तर शपथ!

रेंडर होताना ते लग्न पडद्यावर दिसत होतं, आणि आमचं दुकान भर रस्त्यावर. पहिला चहावाला थांबला. मग टेलर आला, शिव्या न देता आला. मग बाजारला आलेल्या दोन बायका पिशव्या खाली ठेवून बसल्या. "नवरी जरा वाळलेली हाय," एक म्हणाली. "फौजीकडं गेली की भरंल," दुसरी म्हणाली. टेलर मन लावून फौजीच्या कोटाची बाही बघत होता. "खांद्यात चुकलाय," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करतोय तर चहावाला चहा घेऊन आधीच उभा. "हळद काल झाली," तो म्हणाला, "अक्षता किती वाजता?"

अक्षता झाल्या, जेवणावळ झाली, पाठवणीला त्या दोन बायका परत येऊन डोळे पुसून गेल्या, आणि मशीन एकदाही बंद पडलं नाही. आम्ही छाती काढून महेशच्या हवाली केलं. आमच्याकडं झालेला व्हिडिओ तिला द्यावा म्हटलं, तर त्यात अजून निम्मं काम बाकी होतं. फौजीचे मामा राहिले होते, आणि मामा राहिले तर लग्नात भांडणं.

संध्याकाळी सुवर्णाचा फोन. "भाऊ, बंद पडलं."

*

मग आमची आणि त्या मशीनची ये-जा सुरू झाली. कार्डाला करंट कमी पडत असेल म्हणून मोठा पॉवर सप्लाय टाकला. दुकानात चाललं, घरी बंद. कार्डच नासकं असेल म्हणून आमच्याकडचं खात्रीचं कार्ड टाकलं. दुकानात चाललं, घरी बंद! रॅम बदलली, वायरी बदलल्या. सलीमभाईनं तर एकदा कॅबिनेटला समोर बसवून समजावलं, "भाई, तुझा प्रॉब्लेम काय आहे ते बोल. हम किसीको नहीं बोलेंगे."

महेश एवढ्या वेळा येऊन गेला की चहावाला त्याला आमच्याच दुकानातला समजायला लागला.

त्यात सास्तूरमधल्या एका मिस्त्रीनं डोकं चालवलं. महेशला म्हणाला, "मशीनचं तोंड दक्षिणेला हाय. पडणार न्हाय तर काय व्हईल? पूर्वेला कर." महेशनं टेबलावरच्या टेबलावर कॅबिनेट फिरवलं. आणि काय सांगू, त्या दिवशी मशीन दिवसभर चाललं! सुवर्णानं मामांचा अर्धा भाग पण काढला. मिस्त्री पारावर कॉलर ताठ करून बसला. महेशनं मला फोन करून सांगितलं, "भाऊ, तुमच्यापेक्षा मिस्त्री बरा निघाला."

मला असा राग आला! इतकी वर्षं मी काय नुसते स्क्रू पिळले?

दुसऱ्या दिवशी मशीन परत बंद. मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, "आज अमावस्या लागलीय की!"

पुढं कळलं की मशीन चाललं त्या दिवशी महेशचे वडील, अप्पा, डोळे दाखवायला उमरग्याला गेले होते. पण तेव्हा हे कुणाच्या ध्यानात येणार? वडील उमरग्याला गेले म्हणून कॉम्प्युटर चालतो, असं कुठल्या कोर्सला शिकवतात?

*

शनिवार उजाडला. उद्या पेनड्राइव्ह द्यायचा. सुवर्णानं फोनवर एवढंच म्हटलं, "भाऊ, आता मी राजूभाऊंना न्हाय म्हणून सांगू का?" तिचा नेहमीचा चढा आवाज नव्हता. मला ते सहन होईना. मी दुकानाला कुलूप लावलं, सलीमभाईला मागं बसवलं आणि आम्ही सास्तूरला गेलो.

भूकंपानंतर वसवलेलं गाव, सरळ गल्ल्या, एकसारखी घरं. दोन खोल्या पुढं-मागं आणि अंगणात कडुलिंब. पुढच्या खोलीत अप्पा बसलेले, कपाळावर भस्म, हातात झोळीची दोरी. झोळीत बाळ.

"शरणार्थी. या, बसा," अप्पांनी हात जोडून लिंगायती नमस्कार केला. "तिच्या मशीनचं बगा बरं. लई खंगायलीय पोरगी."

मागच्या खोलीत टेबल, खुर्ची आणि शिवणयंत्र. तिसऱ्या माणसाला पाय ठेवायला जागा नाही. सलीमभाई सुवर्णाबरोबर आत गेला, मी अप्पांपाशी बसलो. आतून सलीमभाई ओरडला, "मालक, रेंडरला लावतोय!" सुवर्णानं कानाला हेडफोन चढवले. कार्डाचे पंखे घोंघावायला लागले.

दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत कडप्प्याची एक फरशी आरपार बसवलेली. आतल्या बाजूला तिला चिकटून सुवर्णाचं टेबल, त्यावर कॅबिनेट. बाहेरच्या बाजूला फरशीचा हातभर तुकडा, आणि त्याच्यावर स्टीलचे तीन पेले, एकावर एक, उपडे. मी म्हटलं पाणी प्यायचे असतील.

पंख्यांनी जोर धरला आणि ते पेले वाजायला लागले. किणकिण, किणकिण.

अप्पांनी दोरी सोडली. घाई नाही, गडबड नाही. उठले. मीटरखालचा मेन स्विच खाली ओढला. "सुवर्णा, भायेर ये गं," म्हणून एक हाक मारली. झोळीतलं बाळ उचलून काखेला मारलं. माझ्या खांद्याला हात लावून म्हणाले, "चला." आणि अंगणात कडुलिंबाखाली जाऊन उभे राहिले.

मी पण गेलो! का गेलो काय माहीत, पण त्यांनी "चला" असं म्हटलं होतं की बसून राहायची हिंमत झाली नाही.

अप्पा जरा वेळ जमिनीकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "न्हाय. काय न्हाय." आत आले, मेन स्विच वर केला, बाळाला झोळीत टाकलं आणि दोरी हातात घेतली.

मी मागोमाग आलो तर आतून सलीमभाई ओरडतच होता, "मालक! पडला! आँखों के सामने पडला! पंखा चालू है, बल्ब चालू है, और ये मर गया!"

घराला इन्व्हर्टर होता. मेन बंद झाला तरी पंखा आणि बल्ब चालूच. कॉम्प्युटरचा लोड इन्व्हर्टरला पेलत नव्हता म्हणून तो थेट लाइनवर. यूपीएस होता, पण नव्या कार्डासमोर तो नुसता कुईकुई करायचा, म्हणून महेशनं तो काढून माळ्यावर टाकला होता. आणि कॉम्प्युटरबरोबर मॉनिटरपण बंद पडतो का, म्हणजे लाइनच जाते का, हा साधा प्रश्न आम्ही दोन शहाण्यांनी एवढ्या दिवसांत विचारला नव्हता.

सुवर्णा हेडफोन गळ्यात टाकून बाहेर आली. "बगितलं न्हवं भाऊ? असंच व्हतंय. अप्पा तेवढे चांगले. ह्ये बंद पडून मी वैतागून बाहेर आले की अप्पा बाळाला अंगणात फिरवून आणत असतेत."

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "अप्पा, मेन स्विच कामून बंद केलाव?"

"पेले वाजले की ओ," अप्पा म्हणाले, जसं काही मीच खुळा. "भुई हालली की पेले वाजतेत. भूकंप झाल्यापासनं ठिवलेत मी. वाजले की आधी लाइट बंद करायची, लेकरू घ्यायचं, भायेर व्हायचं."

"मग ओरडायचं की जोरात!"

"आधी वरडायचो. मांजरीचा धक्का लागला तरी वरडायचो. पोरं हासायला लागली. आता एक हाक मारतो. ही येत न्हाय, हिच्या कानाला त्ये असतंय. म्हणून मंग आधी लेकराला भायेर नेतो, आन परत हिला न्यायला येनार, तवर वाजायचं थांबतंय."

थांबणारच! कॉम्प्युटरच बंद केला तर पंखे थांबणार, पंखे थांबले की पेले थांबणार. त्यांच्या हिशेबानं सगळं बरोबर होतं.

सलीमभाईनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! नवं कार्ड, नवा सप्लाय, नवी रॅम, आणि प्रॉब्लेम पेल्यात!" आम्ही तिघं हसायला लागलो. सुवर्णा तर भिंतीला टेकून खालीच बसली.

अप्पा पण थोडं हसले. मग दोरी ओढत म्हणाले, "भूकंपाच्या राती मी एकलाच भायेर पळालो होतो. माझी ल्हान लेक आतच ऱ्हायली."

सलीमभाईनं वाकून झोळीतल्या बाळाच्या अंगावरचं फडकं सारखं केलं.

मी उठून ते पेले उचलायला गेलो, दुसरीकडं ठेवावेत म्हणून. सुवर्णानं पटकन माझा हात धरला. "पेले हलवायचे न्हायत भाऊ. मशीनचं काय ते बगा."

मग मशीनचं बघितलं. कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याचे स्क्रू ढिले होते, ते आवळले. महेशनं मोटारसायकलची जुनी ट्यूब आणून दिली, तिच्या जाड पट्ट्या कापून कॅबिनेटखाली आणि टेबलाच्या पायांखाली घातल्या. टेबल फरशीपासून चार बोटं सरकवलं. रेंडरला लावलं. पंखे घोंघावले, पेले गप्प. सुवर्णा पडद्याकडं बघत होती आणि मी पेल्यांकडं. ते काही हलले नाहीत. मामा झाले, पाठवणी झाली, शेवटी फौजी आणि त्याची बायको ढगात गेले आणि सुखरूप खाली आले.

रविवारी पेनड्राइव्ह उमरग्याला पोचला. राजूभाऊंनी पुढची लग्नं सुवर्णाकडंच पाठवली, वर तिचं नाव पण व्हिडिओच्या शेवटी टाकलं. तिनं ते नाव मोबाइलवर मला पाठवलं. नुसतं नाव, बाकी व्हिडिओ कापून.

*

पाऊस लागून पेरण्या उरकल्या होत्या. दुकानात फारसं काम नव्हतं. सास्तूरच्या गाडीतून एक म्हातारा उतरला आणि हळूहळू पायऱ्या चढून वर आला. कपाळावर भस्म, हातात कापडी पिशवी.

"शरणार्थी."

"अरे, अप्पा! या, या." सलीमभाईनं स्वतःची खुर्ची दिली. "मशीन कसं आहे?"

"मशीन चांगलं हाय. पोरगी खुश हाय, लई काम करायलीय." अप्पांनी पिशवीत हात घातला आणि काउंटरवर एकेक करून तीन पेले काढून ठेवले. "ह्ये बिघडलेत."

मी सलीमभाईकडं बघितलं, सलीमभाईनं माझ्याकडं.

"आधी दिवसातनं कितीदा वाजायचे," अप्पा म्हणाले. "तुमी येऊन गेल्यापासनं एकदा बी वाजले न्हायत. लेकरू आता रांगायलंय, कुटं बी जाऊन बसतंय. मला झोप न्हाय. जरा बगा बरं काय झालंय."

सलीमभाईनं कार्ड पुसायचं मऊ फडकं घेतलं. तिन्ही पेले आतून-बाहेरून पुसले, कडा उजेडात धरून बघितल्या. मग काउंटरवर एकावर एक उपडे रचले. अप्पा पुढं वाकून बघत होते. रस्त्यावरून खताचा भरलेला ट्रक गेला, काउंटर थरथरलं आणि पेले किणकिणले.

"वाजले!" अप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"चांगले आहेत अप्पा," सलीमभाई म्हणाला. "एकदम बढिया आहेत."

अप्पांनी मान हलवली, रिकामी पिशवी घडी करून बगलेत मारली आणि उठले.

"अप्पा, पेले राहिले की!" मी म्हटलं.

"ऱ्हाऊ द्या हितंच," अप्पा पायरी उतरता उतरता म्हणाले. "तुमच्याकडं वाजायलेत न्हवं? वाजले की आमच्या सुवर्णाला फोन करा. म्हणावं, लेकराला घिऊन भायेर हो."